सारवलेला खड्डा

ढोलेवस्तीच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या उजाड गावठाणाच्या टेकाडावर, माणूस राहत नव्हता, तिथं फक्त घोरपडी आणि सरकारी दगड होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांची शीव तिथूनच जाते, त्यामुळे पांढर कुणाच्या हद्दीत यावरून दोन तलाठी वर्षानुवर्षं एकमेकांकडं बोट दाखवत आले होते. मग कालव्याची आखणी झाली, लाल रंगाच्या खुणा बरोबर पांढरीच्या पोटातून गेल्या, आणि कालवा खणायच्या आधी तिथं जुनं काय गाडलंय ते बघायला माणसं आली. तेव्हा कुठं वस्तीला कळलं की आपण ज्यावर मेंढरं बसवतो ती माती दोन हजार वर्षांची आहे.

दगडाबाई गलांडे पहिल्या दिवसापासून खड्ड्यावर कामाला होती. खोदकाम बघणारी पल्लवी मॅडम त्याला ट्रेंच म्हणायची, बाकी सगळी वस्ती खड्डाच म्हणायची. पल्लवी इस्लामपूरची, वय तीसच्या आत, उन्हानं नाकाचं साल निघालेलं. हजेरी घेताना तिनं विचारलं होतं, "मावशी, पूर्ण नाव?"

"दगडाबाई."

"पुढं? मालकांचं नाव?"

दगडाबाईनं पदर तोंडाला लावला आणि नुसती हसली. आसपासच्या बायकाही हसल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे पल्लवीला ठाऊक नव्हतं असं नाही, पण हजेरीपत्रकाला ते ठाऊक नव्हतं. सून मंगल शेजारीच उभी होती, तिलाही सासऱ्याचं नाव घेता येईना. शेवटी रकाना तसाच राहिला.

काम बसून करायचं होतं. खुरपं आडवं धरायचं, बोटभर माती खरवडायची, ब्रशानं झाडायची, घमेल्यात भरायची, चाळणीवर न्यायची. खापरी निघाली की पल्लवीला हाक मारायची. दगडाबाईचा उजवा गुडघा दुखायचा म्हणून ती एक पाय लांब सोडून बसायची आणि त्याच पायानं माती चाचपायची. मातीचा रंग बदलायच्या आधी तिच्या टाचेला कळायचं. "मॅडम, हितं भुसभुशीत लागतंय," ती म्हणायची आणि दहा वेळा तरी ते खरं निघालं होतं.

पण पल्लवीच्या वर इनामदार साहेब होते. ते पुण्याहून आठवड्यातून एकदा यायचे, टोपी घालून काठावर उभे राहायचे, खाली उतरायचे नाहीत. करड्या मातीचा जाड थर निघाला तेव्हा त्यांनी काठावरूनच ठरवलं, की ही धान्याची राख आहे, म्हणजे इथं व्यापाऱ्याची कोठी होती आणि ती जळली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलंसुद्धा. दगडाबाईनं चिमूटभर माती चोळून वास घेतला आणि तिला राहवलं नाही.

"सायेब, ही राख न्हवं. लेंड्या कुजल्याली माती हाय. हितं मेंढरं बसत हुती."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. "मावशी, घमेलं उचला. पल्लवी, यांना बोलायला नाही, खणायला ठेवलंय."

दगडाबाईनं घमेलं उचललं. कान मात्र तापले. चौदा वर्षांपूर्वी हेच साहेब, तेव्हा काळ्या केसांचे, पलीकडच्या टेकाडावर खणत होते आणि कामावर तिचा नवरा कोंडीबा होता. त्यानंही हेच सांगितलं होतं. घरी येऊन भाकरी मोडता मोडता म्हणाला होता, "माझं कोण ऐकतंय? मला पागोटं हाय, त्येला टोपी हाय." त्या खणण्याचा अहवाल अजून निघालेला नव्हता. निघालेल्या खापऱ्यांची पोती शाळेच्या मागच्या खोलीत पडून होती. पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, त्यामुळे कुठलं पोतं कुठल्या थरातलं हे आता फक्त वाळवीच सांगू शकली असती. कोंडीबा जाऊन सहा वर्षं झाली होती.

शनिवारी संध्याकाळी पल्लवीची धांदल उडाली. सोमवारी पाहुणे येणार होते. कालव्याचे मोठे इंजिनिअर, पुण्यातले दोन तज्ज्ञ आणि पेपरवाले. साहेब त्यांना कोठी दाखवणार होते आणि मग मंगळवारपासून जेसीबी चालणार होता. पल्लवीला सापडलेल्या वस्तू घेऊन साताऱ्याला जायचं होतं. गाडीत बसता बसता तिनं सांगितलं, "दगडामावशी, मी सोमवारी सकाळी येते. तेवढा खड्डा एकदम स्वच्छ करून ठेवा हं. पाहुणे यायचेत."

एवढंच सांगितलं. स्वच्छ म्हणजे काय ते सांगितलं नाही. तिच्या शाळेत स्वच्छ म्हणजे सुटी माती झाडून काढणं. दगडाबाईच्या घरात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी स्वच्छ म्हणजे काय, हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

रविवारी सुट्टी होती. ऊन कलल्यावर दगडाबाई आणि मंगल दोन पाट्या शेण आणि टँकरच्या पाण्याच्या चार कळशा घेऊन पांढरीवर गेल्या. पाणी हंडाभर मिळवायला तास लागत होता, तरी दगडाबाईनं हात आखडला नाही. आधी केरसुणीनं झाडलं, मग शेणाचा पातळ काला करून हातानं सारवायला घेतलं. गुडघा ठणकत होता. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत हाताच्या अर्धगोल रेघा उठत गेल्या.

"आत्याबाई, हजेरी न्हाई मिळायची ह्येची," मंगल म्हणाली.

"गप. उद्या बाहेरची चार मानसं येणार. आपल्या गावाचा खड्डा हाय."

दिवस मावळताना काठावर बसून दोघींनी पाहिलं. हिरवट, ओली, एकसारखी भुई. मंगलला रांगोळी काढायची होती, पण रांगोळी घरी राहिली होती. ते एक बरं झालं.

सोमवारी सात वाजता पल्लवी आली आणि काठावर थबकली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे कुणी केलं?"

"आमी," दगडाबाई म्हणाली. ती अजून कौतुकाची वाट बघत होती. "कसं झालंय?"

पल्लवी खाली बसली. रडावं की हसावं हे तिला कळेना. "मावशी, ही माती किती जुनी ते आतल्या कोळशाच्या कणांवरून काढतात. त्यात आजचं शेण मिसळलं तर सगळा हिशेब चुकतो. रंगावरून थर ओळखायचे असतात, ते पण झाकले गेले."

"मग सांगायचं तरी हुतं, माय!" दगडाबाईच्या तोंडून आलं. "तीन हप्ते बसलोय आमी. माती कशापायी खरवडतोय ह्ये एक दिस कुनी सांगितलं का?"

पल्लवी मान खाली घालून म्हणाली, "नाही सांगितलं. माझं चुकलं."

साहेबांची गाडी आठ वाजता आली. त्यांनी काठावरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा टोपीखाली लालबुंद झाला. आधी पल्लवीला झाडलं, मग नकाशे काढणाऱ्या नागसेनला, जो बिचारा आत्ताच साताऱ्याच्या एसटीतून उतरला होता. मग ते दगडाबाईकडं वळले.

"अडाणीपणाची कमाल आहे! दोन हजार वर्षं टिकलं ते तुम्ही एका संध्याकाळी नासवलंत. हिचं नाव काढा हजेरीतून. तीन तासांत पाहुणे येतायत, मी त्यांना काय दाखवू? शेण?"

वीस बायका आणि पंधरा गडी ऐकत होते. अडाणी हा शब्द दगडाबाईनं आयुष्यात पुष्कळदा ऐकला होता, पण सुनेसमोर, आपल्या हातच्या सारवणाकडं बोट दाखवून म्हटलेला कधी ऐकला नव्हता. तिला रडू आलं नाही, राग आला. तिनं खुरपं साहेबांच्या पायाशी ठेवलं, पदर खोचला आणि मातीच्या ढिगावरून घराच्या वाटेला लागली. ढीग पुरुषभर उंच होता. वर पोचल्यावर गुडघ्यानं दगा दिला म्हणून ती थांबली आणि सहज मागं वळून पाहिलं.

सारवण रात्रीतनं वाळून फिकं पडलं होतं. पण सगळं वाळलं नव्हतं. तिरप्या उन्हात त्यात काळपट ओले ठिपके उमटले होते, भाकरीच्या गोळ्याएवढे. एक, दोन, तीन... आणि ते वेडेवाकडे नव्हते.

घरात उंदराचं बीळ बुजवून वर सारवलं तर ती जागा सगळ्यात शेवटी वाळते, हे सारवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. भुसभुशीत माती पाणी ओढून धरते. दगडाबाई ढिगावर उभी राहून मोजत गेली. ठिपक्यांचा मोठा गोल, त्याला उगवतीकडं एक मोकळी जागा, आणि आत एका कडेला ठिपक्यांचा दुसरा बारका गोल.

"मंगल!" ती ओरडली. "आगं बघ की, मेंढरांचा वाडा हाय! वाघर लावल्याली हाय!"

"आता काय?" साहेब करवादले.

"सायेब, शिव्या मागनं द्या. आधी हितं वर या."

साहेब गेले नसते. पण पल्लवी ढिगावर धावली आणि वर जाऊन तिनं तोंडावर हात ठेवला, मग नागसेन चढला, कॅमेरा काढला आणि म्हणाला, "सर, ऊन वर चढायच्या आत या. दहा मिनिटांत हे जाईल." मग साहेब चढले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या बुटांना माती लागली.

त्यांनी एकेक ठिपका बोटानं मोजला. मग म्हणाले, "खांब कुजून मातीनं बुजलेले खड्डे आहेत. म्हणजे कोठीचेच खांब. गोल कोठी."

"ह्येच्यावर छप्पार?" दगडाबाईला हसू फुटलं. "सायेब, येवढाल्या मेखांवर छप्पार न्हाई, टोपी ठिवली तरी पडंल. ही वाघरीची मेख हाय. राती मेंढरं कोंडायची जाळी असती, ती ह्या मेखांवर ताणायची. आन् आतला बारका गोल कोकरांचा. कोकरं आयांपासनं येगळी ठिवायची, न्हाईतर दूध सगळं पिऊन टाकत्यात."

"हे तुम्ही म्हणता. पुरावा काय?"

"एक खड्डा अर्धा कापा," ती म्हणाली. "मेख सरळ आसंल तर तुमची कोठी. बाहीर कललेली आसंल तर माझी वाघर. जाळी आत वढती, म्हणून मेख बाहीर कलून ठोकायची. न्हाईतर जाळी ढिली पडती आन् लांडगं आत."

पल्लवीनं साहेबांची परवानगी मागितली नाही. ती खाली उतरली, वाळायच्या आत प्रत्येक ठिपक्याभोवती चुन्याची खूण करून घेतली आणि एक ठिपका मधोमध कापायला बसली. वरचं शेण पातळ होतं, बोटभरही आत गेलं नव्हतं, ते तिनं सोलून बाजूला ठेवलं. मग खरी माती लागली. खुरप्याचं टोक, ब्रश, पुन्हा टोक. सगळी वस्ती काठावर वाकली होती. अर्ध्या तासानं खड्ड्याची कड स्पष्ट झाली. दीड वीत खोल, खाली निमुळता, आणि बाहेरच्या बाजूला कललेला.

तिनं दुसरा कापला. तोही बाहेर. तिसराही.

"पल्लवी, तीन खड्ड्यांवरून..." साहेब म्हणाले, पण आवाजात मघाची धार नव्हती.

"सर, अजून एक करू या." पल्लवी काठाकडं वळली. "मावशी, तुमची मेंढरं कुठायत?"

दगडाबाईचा मुलगा सिद्धू साठ मेंढरं घेऊन माळाला निघायच्या बेतात होता. मंगल पळत गेली आणि त्याला मेंढरांसकट घेऊन आली. खड्ड्यात काय निघालंय ते त्याला सांगायचं नाही, बघूही द्यायचं नाही, असं पल्लवीनं ठरवलं. पन्नास पावलांवर मोकळी जागा दाखवून ती म्हणाली, "दादा, रोज रात्री लावता तशी वाघर लावा. काही वेगळं करू नका."

"आत्ता? सकाळी?" सिद्धूनं आईकडं पाहिलं. "लोकं यडा म्हणतील की."

"लाव रं गड्या, म्हणू दे," दगडाबाई म्हणाली.

सिद्धूनं बोटाला थुंकी लावून वारा पाहिला. मग मेखा ठोकत गेला. पाऊल टाकायचा, मेख बाहेर कलवायची, हातोड्याचे तीन ठोके, पुढं. वारा मावळतीकडून होता म्हणून दार उगवतीला सोडलं. दाराच्या डाव्या अंगाला, आतून, कोकरांचा बारका गोल केला. जाळी ताणली. शीळ घातली आणि साठ मेंढरं धूळ उडवत आत शिरली, कारण मेंढरांना सकाळ काय आणि संध्याकाळ काय.

नागसेननं टेप लावला. आधी सिद्धूच्या मेखा मोजल्या, मग पळत जाऊन खड्ड्यातल्या चुन्याच्या खुणा. कागदावर दोन रांगांत आकडे लिहीत गेला.

"सर, दोन मेखांमधलं अंतर इथं सव्वा मीटर. तिथं पण सव्वा मीटर, चार बोटं इकडंतिकडं. दार उगवतीला. बारका गोल आत, दाराच्या डावीकडं. दोन्हीकडं."

सिद्धूला अजून काहीच कळलं नव्हतं. "माझं काय चुकलं का?" त्यानं विचारलं. तेव्हा पल्लवीनं त्याचा हात धरून त्याला खड्ड्याच्या काठावर आणलं. सिद्धूनं पाहिलं, डोईवरचं मुंडासं मागं सरकवलं आणि म्हणाला, "ही कुनी लावली? चांगली लावलीय."

काठावर जो हशा आणि आरडाओरडा झाला तो शेजारच्या वस्तीपर्यंत गेला. बायकांनी दगडाबाईला मिठ्या मारल्या. गड्यांनी शिट्ट्या वाजवल्या. मेंढरं बुजून वाघरीत गोल फिरली.

तेवढ्यात पाहुण्यांच्या तीन गाड्या धुरळ्यातून आल्या.

इनामदार साहेब एकटेच काठावर उभे होते. टोपी हातात होती. त्यांच्या खिशात कोठीवरचं भाषण होतं, टाइप केलेलं. पुण्याचे तज्ज्ञ उतरले, इंजिनिअर उतरले, पेपरवाल्यांनी कॅमेरे काढले. साहेबांनी कागद काढला, पाहिला आणि घडी करून परत ठेवला. माणूस वाईट नव्हता. चाळीस वर्षं मातीत घालवली होती, फक्त काठावरून खाली उतरायचं विसरला होता.

"मी तुम्हाला कोठी दाखवायला बोलावलं होतं," ते म्हणाले. "ती कोठी नाही. माझी चूक झाली, आणि मी ती पेपरात छापूनही आणली. हा मेंढरांचा वाडा आहे. हे ज्यांनी ओळखलं त्यांनाच विचारा. मी आज सकाळी त्यांना कामावरून काढलं होतं."

दगडाबाईला बोलायची सवय नव्हती. पण मेंढरांविषयी बोलायला सवय लागत नाही. गुडघा धरून ती खाली उतरली, मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि वाऱ्यापासून लांडग्यापर्यंत सगळं सांगितलं. एका पेपरवाल्यानं विचारलं, "म्हणजे मावशी, दोन हजार वर्षांपूर्वी इथं तुमचेच पूर्वज होते?"

"ती मानसं माझी म्हणत न्हाई म्या," ती म्हणाली. "ती कोन हुती द्येव जाणे. म्या मेंढरांचं म्हणते."

पुण्याच्या तज्ज्ञांपैकी पिकलेल्या केसांच्या बाईंनी मान हलवली आणि वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्या इंजिनिअरकडं वळल्या. इंजिनिअर तोवर सिद्धूच्या वाघरीभोवती फिरून मेखा हलवून बघत होता. कालवा वस्तीलाही हवा होता, त्याला नको कुणीच म्हणत नव्हतं. "वीस दिवस," तो म्हणाला. "तोवर आम्ही पलीकडच्या टोकाकडून खणत येतो. सगळं नीट लिहून घ्या." वीस दिवस म्हणजे वस्तीला वीस दिवसांचं कामही होतं, हे बायकांनी त्याच्या आधी मोजलं होतं.

पाहुणे गेल्यावर पल्लवीनं सगळ्यांना काठावर बसवलं. उद्यापासून खुरपं हातात घ्यायच्या आधी आज काय शोधायचंय ते सांगायचं, आणि कुणाला मातीत काही वेगळं वाटलं तर ते त्याच्या नावानिशी वहीत उतरवायचं, असं ठरलं. शाळेतली पोतीही बाहेर काढायची होती. साहेबांनी मान डोलावली आणि मग स्वतःच वही मागून घेतली. मातीत मांडी घालून बसले.

"पहिली नोंद आजची," ते म्हणाले. "दगडाबाई... पूर्ण नाव काय तुमचं?"

बायका पदराआड हसायला लागल्या. पण दगडाबाई हसली नाही.

"सायेब, आधी दुसरं नाव ल्ह्या. चवदा वर्सामागं पलीकडल्या टेकाडावर एकानं तुमास्नी हेच सांगितलं हुतं. पागोटंवाला हुता."

साहेबांचा पेन थांबला. ते आठवत राहिले. "उंच... तंबाखू मळायचा," ते हळूच म्हणाले. "मेखा म्हणाला होता. मी लिहिलं नाही."

"आता ल्ह्या."

"नाव काय त्यांचं?"

मंगल सिद्धूकडं बघायला लागली. सिद्धू पुढं सरकला, बापाचं नाव तो घेऊ शकत होता. त्यानं तोंड उघडलं, पण आईनं हात वर करून त्याला थांबवलं. तिनं डोईवरचा पदर नीट केला. पस्तीस वर्षांचा संसार झाला होता, त्यात ते नाव तिनं उखाण्यातसुद्धा कधी धड घेतलं नव्हतं.

"कोंडीबा," ती मोठ्यानं म्हणाली, काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कोंडीबा सखाराम गलांडे. आन् त्येच्या खाली माझं. दगडाबाई कोंडीबा गलांडे."

साहेबांनी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं वही मंगलच्या हातात दिली.

"वाच."

मंगलनं सासऱ्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा घेतलं, अडखळत.

"मोठ्यानं वाच की गं," दगडाबाई म्हणाली. "हितं समद्यास्नी ऐकू दे."